पेशी वाढली

"मी खोटं बोलले न्हाई. मी फक्त मराठीत बोलले."

ज्योत्स्ना हे सुधारानीला म्हणाली होती. दोघी बीदरकडच्या कल्याणच्या बसस्टँडवर ज्योत्स्नाच्या गावच्या, हुलसूरच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. सुधारानी तिच्या वर्गातली, चिटगुप्प्याची. देवघरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या घरातली. तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात गाडी आली. काही वाक्यांना उत्तर मिळू नये, म्हणूनच बहुधा गाड्या कधीकधी वेळेवर येतात.

ज्योत्स्नाच्या घरात 'पेशी' हा शब्द तिच्या आधीपासून राहायला होता. तिचे वडील नरसिंग आणि त्यांचे चुलत भाऊ श्रीमंत यांच्यात रस्त्याकडेच्या एका जागेवरून दावा चालू होता. जागा म्हणजे एक अरुंद पट्टी, तिच्यावर एक बाभळ आणि कुणीतरी कधीतरी घर बांधायला आणून टाकलेले दगड. कोर्ट कल्याणला. तिथं ज्या दिवशी नावाचा पुकारा व्हायचा, त्या दिवसाला आमच्या भागात पेशी म्हणतात. निजामाचं राज्य गेलं, जिल्हे बदलले, पाट्यांवरची अक्षरं बदलली. हा शब्द मात्र कोर्टाच्या बाकासारखा जागचा हलला नाही.

पेशीच्या दिवशी नरसिंग धुतलेला सदरा घालायचे आणि बसस्टँडजवळचं पत्र्याचं दुकान बंद ठेवायचे. त्या दुकानात ते टॉर्च, रेडिओ, टेबलफॅन, मिक्सर असलं काहीबाही दुरुस्त करत. श्रीमंतही त्याच गाडीनं निघायचे, कारण सकाळी तेवढीच गाडी होती. जागा एकच मिळाली तर दोघं आळीपाळीनं बसायचे.

"वादी बसलाय का प्रतिवादी?" कंडक्टर विचारायचा.

"आत्ता वादी बसलाय," श्रीमंत उभ्यानं सांगायचे. "त्याचं बूड जड हाय. म्हणून तर जागा सोडंना."

संध्याकाळी घरी आल्यावर नरसिंग उंबऱ्यात चपला काढता काढता एकच शब्द बोलत: "वाढली." म्हणजे निकाल लागला नाही, पुढची तारीख पडली. चुलीपासून ज्योत्स्नाची आई शोभाबाई म्हणायच्या, "मंग म्या बी वाढते." आणि ताटं मांडायच्या. हा त्या घरातला सर्वांत जुना विनोद. तो इतका वापरला गेला होता की त्यावर हसत कुणी नसे, पण तो झाल्याशिवाय जेवण सुरू होत नसे.

मग ज्योत्स्ना मराठी शाळेत वरच्या वर्गात गेली आणि एके दिवशी मोठ्यानं धडा वाचू लागली. पेशी हा सजीवांचा मूलभूत घटक आहे. नरसिंग पंख्याचं पातं पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"शाळेत बी पेशी शिकवायलेत व्हय? कोणच्या कोर्टातली?"

"तसली पेशी न्हाई अप्पा. ही अंगातली. लई बारीक असते, डोळ्याला दिसत न्हाई. समद्यांच्या अंगात असते. कांद्यात बी असते."

"कांद्याला बी पेशी हाय?"

"व्हय."

"मंग सुटका कुणाचीच न्हाई म्हण की."

त्या दिवशी मात्र सगळे हसले.

दहावीपर्यंत ती मराठीत शिकली. पुढं कल्याणला विज्ञान घेतलं तेव्हा पुस्तकं इंग्रजी झाली आणि समजावणं कन्नड. डिग्री कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी घेतली तेव्हाही तेच. वर्गात बसून ती प्रत्येक शब्द मनात मराठीत ओढून आणायची. सेलची पेशी, न्यूक्लिअसचं केंद्रक. ज्या शब्दाला मराठी सापडत नसे, तो तिला पाठ होई पण खरा वाटत नसे. गावात लोक विचारत, "काय शिकायलीस गं?" ती सांगे, "बायोटेक." "म्हंजे नर्स?" पहिलं वर्ष ती नाही म्हणत राहिली. दुसऱ्या वर्षी तिनं होकारार्थी मान हलवायला सुरुवात केली.

नरसिंग मात्र गिऱ्हाइकांना बरोबर सांगत. दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलेलं असे, दुसरा डोळा मिटलेला.

"बारक्या वस्तू बघायचं शिक्षण हाय ते. माझ्यासारखंच. पर म्या मेलेल्या वस्तू बघतो, ती जित्त्या बघते."

कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली. खिडक्यांना जुन्या उत्तरपत्रिका चिकटवल्या होत्या, कारण ऊन सरळ मायक्रोस्कोपवर येई. काचेची भांडी निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडल्यापासून सुधारानीनं घरून एक मोठा कुकर आणला होता. त्यावर तिच्या आजीचं नाव कोरलेलं होतं, रुद्रम्मा. त्यामुळे अमुक नळ्या निर्जंतुक झाल्या का, असं शरणबसव सर विचारायचे तेव्हा मुलं म्हणायची, "सर, रुद्रम्माला अजून दोन शिट्ट्या राहिल्यात." सरही गंभीरपणे थांबायचे. शरणबसव सर शिकवताना खडू बोटांत फिरवत आणि बोलताना मध्येच खिडकीकडे बघत, जणू पुढचं वाक्य बाहेरून यायचं आहे. ज्योत्स्नाला पुढं कलबुर्गीला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं. हे तिनं फक्त सुधारानीला आणि अप्पांना सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी रक्ताची तपासणी आली. बोटाला टोचायचं, काचपट्टीवर एक थेंब घ्यायचा आणि दुसऱ्या काचपट्टीच्या कडेनं तो एका ओढीत पसरायचा. ओढ हलकी झाली पाहिजे, मध्ये थांबता कामा नये. थर इतका पातळ यावा की शेवटाला जिभेसारखं टोक दिसलं पाहिजे. मग रंग चढवायचा, तेलाचा थेंब टाकायचा आणि बघायचं. ज्योत्स्नाची ओढ दर वेळी मध्येच अडखळे. सरांनी तिला काही काचपट्ट्या दिल्या. "मनॆयल्ली कर," ते त्यांच्या अर्ध्या कन्नड अर्ध्या मराठीत म्हणाले. घरी सराव कर.

घरी शोभाबाईंनी हात पाठीमागे लपवला. "रगत काढू न्हाई घरात. सुई नगं अन् ती काच बी नगं."

ती दुकानात गेली. नरसिंग कुणाच्या तरी टॉर्चच्या तुटल्या तारेला डाग देत होते.

"अप्पा, बोट द्या."

"कोणचं पाहिजे? ह्ये भाजल्यालं हाय, ह्ये कापल्यालं हाय. ह्ये घे, ह्ये नवं हाय."

तिनं टोचलं. थेंब जरा फिका वाटला, पण पत्र्याखालच्या उजेडात सगळंच फिकं दिसे. त्या महिन्यांत नरसिंग थकत होते. संध्याकाळी अंग कोमट लागे. ज्वारीची कडक भाकरी चावताना हिरड्यांतून रक्त येई आणि दंडावर, कुठं आपटल्याचं आठवत नसताना, निळे डाग उठत. ते म्हणायचे, वय झालं. वय तसं काही झालं नव्हतं.

तिनं काचपट्टी टेकवली आणि ओढली. नेमका तेव्हाच स्टँडात शिरणाऱ्या गाडीनं हॉर्न वाजवला, नरसिंगांचा हात हलला, तिच्या कोपराला लागला, आणि थराचं टोक वाकडं गेलं.

"बिघडलं का गं?"

"असू द्या. सरावाचंच हाय."

तिनं काचपट्टीच्या खरखरीत टोकावर पेन्सिलीनं 'अ' लिहिलं. अप्पांचा अ.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यावर रंग चढवला आणि बघितलं. आदल्या आठवड्यात तिनं स्वतःचं रक्त बघितलं होतं. तिथं फिक्या गुलाबी ठिपक्यांची गर्दी होती आणि त्यांत मधूनच एखादी रंगानं जांभळी झालेली पांढरी पेशी, बाजारात एखादा ओळखीचा माणूस दिसावा तशी. इथं जांभळंच जांभळं होतं. मोठ्या, गोल, जवळजवळ सगळ्या केंद्रकानंच भरलेल्या पेशी. सगळ्यांचा चेहरा एक. गुलाबी ठिपके त्यांच्यामध्ये कुठंतरी अंग चोरून बसले होते. तिला वाटलं, रंग जास्त वेळ ठेवला. तिनं काच पाण्यानं धुतली आणि पुन्हा बघितलं. मग सुधारानीला बोलावलं. सुधारानीनं बघितलं आणि ती सरांना घेऊन आली.

शरणबसव सर बराच वेळ वाकून बसले. त्यांचा एक हात काच पुढं सरकवत होता, मागं आणत होता.

"यारदु इदु?" कुणाचं आहे हे, त्यांनी न उठता विचारलं.

"अप्पांचं."

ते उठले. खिडकीकडे बघितलं. तिथून काही आलं नाही.

"मी डॉक्टर नाही," ते म्हणाले. "तू अप्पांना घेऊन बीदरला जा. उद्याच जा. ही काच इथं राहू दे."

बीदरच्या दवाखान्यात पुन्हा टोचलं, पुन्हा रंगवलं, मग कमरेच्या हाडात सुई घालून आतलं काढलं. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी फक्त ज्योत्स्नाला आत बोलावलं. ते तरुण होते आणि बाहेर रांग दारापर्यंत आली होती. ती काय शिकते हे कळल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग ते तिच्याशी वर्गातल्यासारखे बोलले, इंग्रजी शब्द आणि कन्नड वाक्यं. रक्ताचा कॅन्सर आहे, वेगानं वाढणारा. कलबुर्गीला किंवा सोलापूरला दाखल करावं लागेल. उपचार कठीण आहेत, महिनोन्‌महिने चालतील आणि लागू पडतीलच असं नाही. पण न केले तर थोडेच आठवडे.

"सोमवारी घेऊन ये, इथून चिठ्ठी देऊन पुढं पाठवतो. उशीर नको. त्यांना आधी सांगावं लागेल, त्यांची तयारी लागेल. त्यांची भाषा कुठली?"

"मराठी."

"मला ती नीट येत नाही. तूच सांग. तू बायोटेकची आहेस, माझ्यापेक्षा बरं सांगशील."

बाहेर व्हरांड्यात नरसिंग खांबाला टेकून बसले होते. धुतलेला सदरा होता, पेशीचा. शेजारी पिशवी.

ती समोर उकिडवी बसली. डॉक्टरांची वाक्यं तिच्याजवळ होती, त्यांचं मराठी नव्हतं. 'कॅन्सर' हा शब्द मराठीतही तोच, पण तो तिच्या तोंडातून बाहेर येईना. गावात तो शब्द आजार म्हणून नव्हताच. कुणीतरी गेल्यानंतर तो बोलला जाई. म्हणून तिनं दुसरं वाक्य घेतलं, पुस्तकातलं, स्वच्छ, शाळेच्या बाकावर शिकलेलं.

"अप्पा, तुमच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात."

नरसिंगांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या आणि ते हसले, आवाज न करता, खांद्यांनी. कितीतरी दिवसांत ते असे हसले नव्हते.

"वाढली? हितं बी वाढली?"

तिनं शेजारची पिशवी जवळ ओढली.

"म्या सकाळपासून भेऊन बसलो होतो माय. मला वाटलं आज निकालच लावतेत. वाढली म्हंजे बरंच झालं की. पुढची तारीख दिली म्हण."

समोरून एक बाई पोराला खांद्यावर टाकून चालली होती. पोर झोपेत होतं आणि त्याची एक चप्पल पडली. ज्योत्स्नानं ती उचलून दिली. ती परत येऊन बसली तेव्हाही नरसिंग तिच्याकडे बघत होते. उत्तराची वाट बघत.

"व्हय," ती म्हणाली. "सोमवारी बोलावलंय."

"सोमवारी कसं जमंल? सोमवारी कोर्टात पेशी हाय. वकीलसाहेब म्हणालेत, ह्या वक्ताला लागंलच निकाल."

"अप्पा, हितं येणं जरूर हाय."

"येऊ की. मंगळवारी येऊ. वाढलीच हाय न्हवं? मंग एका दिसानं काय बिघडतंय?"

गाडीत ते खिडकीशी झोपले. ती त्यांच्या दंडावरच्या निळ्या डागाकडे बघत राहिली. घरी उंबऱ्यात चपला काढताना ते म्हणाले, "वाढली."

शोभाबाईंनी लेकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याचा चेहरा हसरा होता.

"दवाखान्यात बी?"

"दवाखान्यात बी."

"मंग म्या बी वाढते," शोभाबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज सुटकेनं कापला.

ज्योत्स्नानं त्या रात्री खूप जेवल्यासारखं केलं.

तिनं सुधारानीला सांगितलं. सुधारानी म्हणाली, "मी येते हुलसूरला. कन्नडमध्ये सांगते. तुझ्या अप्पांना बाजारापुरतं येतंय की."

"बाजारापुरत्या कन्नडमध्ये कसं सांगशील?"

"मग पेशी म्हणू नको. सेल म्हण."

रविवारी ती दुकानात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सोमवार. नरसिंग एका म्हाताऱ्याचा टॉर्च उघडून बसले होते. त्यांच्या हातातून स्क्रू दोनदा निसटला. ते शोधायला खाली वाकले आणि पुन्हा वर यायला त्यांना वेळ लागला.

"अप्पा, ऐका. रगतात सेल असतेत."

"असतील की."

"तुमचे सेल बिघडलेत."

"उतरले म्हण." त्यांनी टॉर्चमधले दोन सेल बाहेर काढून तिच्या हातावर ठेवले. "ह्येच्यासारखे. बदलून टाकू."

"बदलता येत न्हाईत ते. म्हंजे येतेत, पर लई अवघड हाय. लांब जावं लागतंय. दाखल व्हावं लागतंय."

नरसिंगांनी सेल परत घेतले, जागेवर बसवले, झाकण फिरवलं. बटण दाबलं. टॉर्च लागला नाही. त्यांनी तो उलटा धरला आणि तळहातावर दोनदा आपटला. काचेमागं पिवळा, लाजरा उजेड आला.

"बघ. उतरलेला सेल बी जरा येळ चालतोय. आपटावं लागतंय, बस." मग तिच्याकडे न बघता, "उद्याचं होऊ दे. उद्या निकाल लागू दे. त्या जागेचं मिटलं की तू म्हणशील तिथं येतो. तुझ्या आईला वाऱ्यावर सोडून कसं येऊ?"

त्या वाक्यात एक थांबा होता. तिथं उतरून ती सगळं सांगू शकली असती. पण म्हातारा टॉर्च न्यायला आला आणि नरसिंग त्याला म्हणाले, "काका, सेल नवे घाला, न्हाईतर अंधारात बायकूऐवजी म्हशीला हाक माराल." म्हातारा हसला. नरसिंग हसले. ज्योत्स्नाही हसली. हसणं संपलं तेव्हा थांबा मागं गेला होता.

सोमवारी नरसिंग कल्याणला गेले. ज्योत्स्नाही त्याच गाडीत होती, कॉलेजला. श्रीमंतांनी जागा धरली होती. ते उठले आणि नरसिंगांना खिडकीशी बसवलं. आळीपाळीचा विषय काढला नाही. कंडक्टरनंही काही विचारलं नाही.

कोर्टात न्यायाधीश रजेवर होते. पेशी वाढली.

परतताना गाडीत नरसिंगांच्या नाकातून रक्त येऊ लागलं. श्रीमंतांनी स्वतःचा पंचा दिला. तो भिजला. मग कुणीतरी ओढणी दिली. हुलसूरला उतरल्यावर ते उंबऱ्यापर्यंत चालत आले, चपला काढायला मात्र श्रीमंतांना वाकावं लागलं. शोभाबाई दारात होत्या. नरसिंग काहीतरी म्हणाले. शोभाबाई पुढं सगळ्यांना सांगत राहिल्या की ते "वाढली" म्हणाले. श्रीमंत म्हणत, "न्हाई वैनी, पाणी मागितलं त्यानं."

त्यांना पुन्हा बीदरला नेलं. तेच व्हरांडे, तेच डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, आता प्रवास झेपणार नाही. ज्योत्स्नानं विचारलं, मी सोमवारी आणलं असतं तर? ते म्हणाले, फार फरक पडला नसता. ते चांगुलपणानं म्हणाले. पण एक पेशी किती वेगानं दोन होते, दोनाच्या चार कशा होतात, हे तिच्या अभ्यासात होतं. त्यावर तिनं वर्गात सर्वांत चांगलं उत्तर लिहिलं होतं.

नरसिंग शुद्धीत होते तेव्हा एकदा त्यांनी तिला जवळ बोलावलं. ती वाकली. तिला वाटलं, आता विचारतील. तिनं ठरवलं, विचारलं तर सांगायचं.

"कांद्याला बी असते म्हणालीस न्हवं?" ते म्हणाले.

"काय अप्पा?"

त्यांनी डोळे मिटले. त्यांना काय म्हणायचं होतं हे तिला आजही माहीत नाही. त्या व्हरांड्यात त्यांना कळलं नव्हतं, की कळून त्यांनी दुसरा अर्थ घेतला होता, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. दोन्ही उत्तरं तिला सहन होणार नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

पुण्यानुमोदनाला, नरसिंगांच्या बौद्ध रीतीच्या दिवसकार्याला, गाव आलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. श्रीमंत शेवटच्या रांगेत पंचा खांद्यावर घेऊन बसले होते. पंचा धुतलेला होता, पण डाग राहिला होता. जेवणं झाल्यावर ते शोभाबाईंच्या पुढं येऊन उभे राहिले.

"वैनी, जागा घ्या तुमी. म्या लिहून देतो."

"आता काय करायची जागा?"

"मलाबी काय करायची?" श्रीमंत म्हणाले. "मला त्याच्यासंगं गाडीत जायाची सवय हाय. आता म्या कुणासंगं जाऊ पेशीला?"

आणि तो जाडजूड, भांडखोर माणूस मंडपाच्या खांबाला धरून रडू लागला. शोभाबाईंनी कुणाकडं तरी बघून हात हलवला. पोळ्या उरल्या होत्या, त्या झाकायच्या होत्या. वाढायला त्या उठल्या नाहीत. त्या घरात त्यानंतर जेवण नुसतं सुरू होऊ लागलं.

ज्योत्स्ना कॉलेजला परत गेली, कारण शोभाबाईंनी तिचा डबा भरून उंबऱ्यात ठेवला. बसस्टँडवर ती सुधारानीला फक्त मराठीत बोलल्याचं ते वाक्य बोलली ते याच दिवसांत. वर्गात ती मागच्या बाकावर बसू लागली. आता तिनं शब्द मराठीत आणायचं सोडून दिलं होतं. इंग्रजी शब्द इंग्रजीतच राहू दिले की ते कुणाचेच नसत. तिची उत्तरं आधीपेक्षा सुधारली. शरणबसव सर एकदा म्हणाले, कलबुर्गीचा अर्ज भर, प्रॅक्टिकल नीट झालं की तुझं नाव लागेल. तिनं अर्ज भरला. अप्पांना सांगितलेली ती एकच गोष्ट अशी होती, जिचे दोन अर्थ होत नव्हते.

उन्हाळ्यात प्रॅक्टिकल परीक्षा आली. लांब खोलीत टेबलांवर मायक्रोस्कोप मांडले होते. प्रत्येकाखाली एक काचपट्टी. जायचं, बघायचं, काय आहे ते ओळखून परीक्षकांना सांगायचं. काचपट्ट्या कपाटातल्या लाकडी पेटीतून शिपायानं काढून लावल्या होत्या. तसं दरवर्षी तोच करी. सर त्या वेळी परीक्षकांना आणायला स्टँडवर गेले होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्क होत्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा, आवाज मऊ. नापास करायला आलेल्या वाटत नव्हत्या.

ज्योत्स्नानं पहिली काच ओळखली. दुसरी ओळखली. कांद्याचं मूळ होतं, पेशी दुभागताना. बाई म्हणाल्या, "छान." मग ती तिसऱ्यापाशी आली आणि वाकली.

जांभळंच जांभळं. सगळ्यांचा चेहरा एक.

तिनं डोळा काढला आणि काचेकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं. थराचं टोक एका बाजूला वाकडं गेलेलं होतं, हॉर्न वाजल्यासारखं. खरखरीत टोकावर सरांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती, 'रक्त, असामान्य'. चिठ्ठी जरा तिरकी बसली होती आणि तिच्या खालून पेन्सिलीच्या 'अ'चा पाय बाहेर आला होता.

त्या खोलीत, बंद पेटीत, अप्पा सगळा हिवाळा जसेच्या तसे होते. इथं त्यांची एकही पेशी आणखी वाढली नव्हती.

शरणबसव सर परीक्षकांच्या मागं उभे होते. ती पुन्हा वाकत नाही हे बघून त्यांनी टेबलाकडं बघितलं, मग चिठ्ठीकडं. त्यांच्या बोटांतला खडू थांबला. "मॅडम," ते म्हणाले, "ही काच..." पण बाईंनी हात वर केला. परीक्षेत मध्ये बोलू नये असा तो हात होता.

"काय दिसतंय?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

ज्योत्स्ना 'अ'चा पाय बघत होती.

"घाबरलीस का?" आता त्या मराठीत बोलल्या, अगदी उदगीरकडच्या मराठीत. "घाबरू नको माय. म्या बी तुमच्याच भागातली हाव. इंग्रजी सुचंना तर आपल्या बोलीत सांग. चालतंय मला."

मागं रुद्रम्माच्या कुकरची शिट्टी झाली. कुणी हसलं नाही.

"बघ, किती सोपं हाय," बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "पांढऱ्या पेशी वाढल्यात. एवढंच म्हण. एवढं म्हणलीस तरी मार्क देते. म्हण."

ज्योत्स्नानं काचपट्टी चिमट्यांतून सोडवली. तेल पुसायचा पातळ कागद घेतला आणि वर्गात शिकवलं होतं तसा, न घासता, नुसता टेकवून तेलाचा थेंब उचलला. काच उजेडाकडं धरून एकदा बघितली. मग ती ट्रेमध्ये पालथी पडणार नाही अशी ठेवली, अंगातला अॅप्रन काढून त्याची घडी केली, तो सुधारानीच्या बाकावर ठेवला, आणि ती दाराबाहेर गेली.